एलेनाबीच, १८८१ : समुद्राखाली गेलेल्या एका पाटी-खाणीचे प्रकरण

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबन या बंदराच्या दक्षिणेस साधारण सोळा मैलांवर, सील नावाच्या बेटाच्या टोकाला एलेनाबीच हे गाव आहे. गाव म्हणजे बैठ्या, पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या, काळ्या छपरांच्या घरांच्या काही ओळी. गावाचे नाव गेलिक भाषेतले असून त्याचा अर्थ ‘भूर्जवृक्षांचे बेट’ असा होतो. नवख्या माणसाला हे नाव कोड्यात टाकते, कारण गाव सील बेटाला सलग जोडलेले आहे आणि नावात सांगितलेले वेगळे बेट कुठेही दिसत नाही. ते बेट पूर्वी होते. त्याचा आतला भाग माणसांनी दगडासाठी पोखरून काढला, पोखरताना निघालेल्या चुऱ्याने बेट आणि सील यांच्यामधली अरुंद खाडी भरून टाकली, आणि २२ नोव्हेंबर १८८१ च्या पहाटे समुद्र उरलेली कड फोडून आत शिरला. त्या एका पहाटेचे, आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या काळाचे, हे प्रकरण आहे.

या घटनेचा उल्लेख बहुतेक ठिकाणी ‘वादळाने खाण बुडाली’ अशा एका वाक्यात उरकला जातो. ते वाक्य खोटे नाही, पण त्यात वादळाला नको तेवढे श्रेय मिळते. पश्चिम स्कॉटलंडच्या किनाऱ्याला हिवाळी वादळे नवी नाहीत. जमिनीवरची पंचवीस मजली इमारत उलटी करून पुरावी एवढा खोल खड्डा समुद्राच्या पातळीखाली आणि समुद्राला लागून कसा तयार झाला, आणि तो भरल्यावर पुन्हा उपसायला कोणी पुढे का आले नाही, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते.

दगड आणि त्याचा धंदा

ज्या दगडाची शाळेतली पाटी होते, त्याच जातीचा हा दगड. साठ कोटी वर्षांच्या आसपास जुना असलेला समुद्रतळाचा गाळ प्रचंड दाबाखाली आला, त्यातले बारीक कण एका दिशेने पसरट झाले, आणि त्यामुळे हा दगड ठरावीक प्रतलात फाकतो. इथल्या पाटीचा रंग निळसर काळा असतो, तिचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, आणि तिच्यात जागोजागी सोनेरी चकाकणारे छोटे चौकोनी स्फटिक रुतलेले दिसतात. ते लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे असतात; सोने समजून फसावे इतके ते चमकतात. पाटी हातात धरून तिरपी केली की हे ठिपके एकेक करून उजळतात, आणि ओळखणारा तेवढ्यावरून सांगू शकतो की ही वेल्सची नव्हे.

शेजारचे ईस्डेल, मधले एलेनाबीच, दक्षिणेकडचे लुइंग आणि त्यापलीकडचे छोटेसे बेल्नाहुआ या सगळ्यांना मिळून ‘पाटीची बेटे’ म्हणतात. इथला दगड छपरांसाठी कित्येक शतके निघत होता. अगदी सुरुवातीला ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या खडकाच्या फटींत लाकडी पाचरी ठोकून ठेवत, भरतीच्या पाण्याने त्या फुगत आणि दगड सुटे होई, असे तिथे सांगितले जाते. १७४५ मध्ये नेदरलॉर्नची संगमरवर आणि पाटी कंपनी स्थापन झाली आणि या कामाला संघटित धंद्याचे रूप आले. जमीन ब्रेडॉल्बेनच्या कॅम्बेल घराण्याची होती. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इथल्या पाट्या ग्लासगो आणि एडिनबरोपुरत्या न राहता नोव्हा स्कोशिया, वेस्ट इंडीज, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरच्या ठिकाणी छपरांवर चढल्या. ईस्डेल या बेटाचा विस्तार जेमतेम पाऊण मैलाचाही नाही. तरी त्यावर भरभराटीच्या काळात पाचशेहून अधिक माणसे राहत होती आणि तब्बल सात खाणी चालू होत्या.

माल बाहेर जाण्याचा मार्ग पाण्याचाच होता. १८०१ मध्ये क्रिनन कालवा सुरू झाल्यावर पाटी घेऊन क्लाइड नदीकडे निघालेल्या गलबतांचा किन्टायर या द्वीपकल्पाच्या टोकाला घालावा लागणारा धोक्याचा वळसा टळला. सीलला मुख्य भूमीशी जोडणारा क्लॅकनचा एककमानी दगडी पूल त्याआधीच, १७९२-९३ मध्ये, बांधला गेला होता. अटलांटिकचा चिंचोळा फाटा त्याच्या खालून वाहतो, म्हणून त्याला कौतुकाने ‘अटलांटिकवरचा पूल’ म्हणतात. हे कौतुक पर्यटकांचे. पाटीवाल्यांचे खरे रस्ते गलबताचेच राहिले.

घडवण्याची रीत आणि मजुरी

दगड सुरुंगाने सुटा करत, मोठे ठोकळे उतरत्या रुळांवरून वर ओढत, आणि मग ते फोडणाऱ्यांच्या हाती येत. फोडणारा ठोकळ्याच्या कडेवर रुंद पात्याची छिन्नी ठेवून मोगरीने अलगद ठोकत असे. दगडाला चीर पडली की छिन्नी किंचित पिळून ती पुढे सरकवायची, आणि ठोकळ्याचे दोन, दोनाचे चार असे पातळ थर सुटे करायचे. यात एक बारकावा होता. खाणीतून ताजा काढलेला दगड आतून ओला असतो, आणि तो ओलावा असेपर्यंतच नीट फाकतो. ठोकळा उन्हावाऱ्यात सुकला की तो हट्टी होतो आणि आडवातिडवा तुटतो. त्यामुळे दगड काढून ठेवला आणि फोडायचे पुढच्या महिन्यात पाहू, अशी सोय या धंद्यात नव्हती. फुटलेला पत्रा लोखंडी धारेवर टेकवून सुरीने त्याच्या कडा छाटल्या की पाटी तयार.

या पाट्या वेल्सच्या पाट्यांसारख्या मोठ्या आणि तलम नसत. त्या जाड, जड आणि वेगवेगळ्या आकारांच्या निघत, म्हणून स्कॉटलंडचे छपरे घालणारे कारागीर वळचणीला सर्वांत मोठ्या पाट्या लावत आणि आढ्याकडे जाताना एकेक ओळ लहान करत नेत. वाशांवर सलग फळ्या मारून प्रत्येक पाटी डोक्याशी एकाच खिळ्याने अडकवायची पद्धत असल्यामुळे, एखादी पाटी फुटली तर शेजारच्या बाजूला फिरवून ती बदलता येई. वादळी प्रदेशासाठी हे वजन दोष नव्हता, गुण होता.

काम टोळ्यांनी होई आणि मजुरी उक्ती असे, म्हणजे तयार पाट्यांच्या हजारावर. ही गोष्ट या प्रकरणात महत्त्वाची आहे. हजारावर पैसे मिळणाऱ्या टोळीला न काढलेल्या दगडाचे पैसे मिळत नाहीत, आणि कमी पैशांत जास्त पाट्या हव्या असलेल्या मालकालाही न काढलेला दगड हा ताळेबंदात कुठे दिसत नाही. शिवाय कामाच्या एका पाटीमागे कित्येक पट चुरा निघतो आणि तो कुठेतरी टाकावा लागतो. इथे तो सरळ खाडीत टाकला गेला. त्यातून जमीन झाली, त्या भरावामुळे बेट सीलला जोडले गेले, आणि त्या जमिनीच्या आधाराने गावाच्या ओळी उभ्या राहिल्या. एलेनाबीचच्या किनाऱ्यावर आजही पायाखाली वाळू लागत नाही, काळ्या चपट्या कपच्या खळखळतात.

खड्डा आणि कड

बेट लहान असले की दगड काढणाऱ्यापुढे दिशा फार नसतात. आडवे पसरायला जागा नाही, आणि पाटीचा थर तिरका खाली उतरत गेलेला. म्हणून खाण खाली गेली. एलेनाबीचच्या बेटात ती समुद्राच्या पातळीखाली २५० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ७६ मीटर उतरली होती. ईस्डेलवरच्या काही खाणी तर ३०० फुटांपर्यंत गेल्या होत्या. एवढ्या खोलीवर काम चालू ठेवायचे तर झिरपणारे समुद्राचे आणि पावसाचे पाणी अखंड उपसावे लागते. वाफेच्या पंपांमुळे ते शक्य झाले, परंतु पंपाला कोळसा लागतो आणि या बेटांवर कोळसा नाही. तोही गलबतानेच आणायचा. थोडक्यात, प्रत्येक फूट खोलीबरोबर पाटीच्या दरातला एक छोटा हिस्सा पाण्याच्या नावावर जमा होत होता.

पण पंप हा या व्यवस्थेचा दुय्यम आधार होता. मुख्य आधार म्हणजे बेटाची बाहेरची कड. आत पोखरत गेल्यावर बेटाचे जे काही उरले ते एखाद्या वाडग्याच्या काठासारखे होते, आणि वाडग्याबाहेर अटलांटिक. या कडेचा दगड आतल्या दगडाहून वेगळा नव्हता. विकायचा माल आणि समुद्राला अडवणारी भिंत या दोन्ही गोष्टी एकाच खडकाच्या होत्या, आणि या प्रकरणाची सगळी अडचण त्या एका गोष्टीत सामावली आहे, असे माझे मत आहे. विटांचा बंधारा बांधणाऱ्याला त्याची जाडी आधी ठरवावी लागते, खर्च मांडावा लागतो, कोणीतरी सही करावी लागते. इथे बंधारा कोणी बांधलाच नव्हता; तो उरला होता. जे उरते त्याची जाडी कोणी ठरवत नाही, ती दर हंगामात थोडी थोडी ठरत जाते.

आणखी एक गुंतागुंत आहे. ज्या प्रतलांमुळे हा दगड सुबक फाकतो, तीच प्रतले भिंतीतही असतात. पाटीचा खडक एका दिशेने दाबाला भक्कम असतो, पण लाटेचा मार थरांच्या कडेवर बसला आणि फटींत पाणी कोंडले की तो पाचर ठोकल्यासारखाच उकलतो. जुन्या काळी ओहोटीला लाकडी पाचरी ठोकून भरतीकडून दगड फोडवून घेणाऱ्या लोकांच्या वंशजांना हे ठाऊक नसेल असे म्हणणे अवघड आहे. ठाऊक असणे आणि ते थांबवण्याचा अधिकार असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत: खाण ज्यांच्या ताब्यात होती त्यांची घरे त्या कडेखाली नव्हती, आणि ज्यांची होती त्यांच्या हाती खाणीचा आराखडा नव्हता.

ती पहाट

१८८१ चा शरद ऋतू स्कॉटलंडच्या किनाऱ्यांना वाईट गेला. १४ ऑक्टोबरला पूर्व किनाऱ्यावर आयमथ आणि आसपासच्या गावांच्या होड्या अचानक उठलेल्या वादळात सापडून १८९ मच्छीमार बुडाले. त्यानंतर सव्वा महिन्याने पश्चिमेची पाळी आली. २१ नोव्हेंबरला अमावास्या होती, म्हणजे पाणी उधाणाचे होते. कोकणच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही: एरवीची भरती जिथे थांबते त्याच्या बरेच वर उधाणाची भरती चढते, आणि तिच्या पाठीवर वारा बसला तर बांधाचे काही खरे नसते. त्या रात्री नैऋत्येकडून, म्हणजे मोकळ्या समुद्राच्या बाजूने, जोराचे वादळ आले आणि त्याचा जोर उधाणाच्या भरतीबरोबर जुळला. २२ तारखेच्या पहाटे लाटांनी कड फोडली आणि समुद्र खाणीत उतरला. ईस्डेलच्या खाणींतही पाणी घुसले.

वेळ पहाटेची होती, खाली काम चालू नव्हते. दिवसाच्या पाळीत हीच कड फुटली असती तर २५० फूट खालच्या माणसांना वर येण्याइतका अवधी मिळाला नसता, आणि आज एलेनाबीचचे नाव आयमथच्या शेजारी घेतले गेले असते. त्याऐवजी झाले असे की आदल्या संध्याकाळी कामावरून घरी आलेली शेकडो माणसे सकाळी उठली तेव्हा काम उरले नव्हते. अवजारे, रूळ, पंप आणि खाणीच्या तळाशी सुटा करून ठेवलेला दगड हे सगळे पाण्याखाली होते. जीवितहानीची बातमी होते, तिच्यासाठी निधी उभा राहतो, स्मारक होते. रोजगार बुडाल्याचे स्मारक सहसा होत नाही, आणि आयमथची आठवण जितकी ठसठशीत राहिली तितकी एलेनाबीचची राहिली नाही, याचे कारण मला तरी हेच दिसते.

पाणी का उपसले नाही

खाणीत पाणी शिरणे ही या बेटांवर अपूर्व गोष्ट नव्हती. उपसा हाच तिथला रोजचा उद्योग होता. तरीही एलेनाबीचची मुख्य खाण पुन्हा कोरडी झाली नाही. याचे पहिले कारण यांत्रिक आहे. झिरपणाऱ्या पाण्याशी पंप झगडू शकतो, पण खाण समुद्राला थेट जोडली गेली की पंप समुद्रच उपसत बसतो. आधी फुटलेल्या जागी नवा बांध घालायचा, तोही उघड्या किनाऱ्यावर, प्रत्येक भरतीला तोंड देत. आणि मग कुठे उपशाची गोष्ट. जी भिंत खडकाच्या रूपाने फुकट मिळाली होती, ती पहिल्यांदाच पैसे मोजून उभी करावी लागणार होती.

दुसरे कारण बाजाराचे. १८३१ मध्ये समुद्रमार्गे नेल्या जाणाऱ्या पाटीवरचा कर रद्द झाला, त्याचा फायदा सगळ्यांनाच झाला, पण सर्वांत मोठा फायदा वेल्सच्या प्रचंड खाणींना. त्यांची पाटी मोठी, पातळ आणि एकसारखी. त्यामुळे तेवढेच छप्पर कमी पाट्यांत, कमी वजनात आणि कमी वेळात झाकले जाई. पुढे रेल्वेने तिला देशभर पोचवले. ओबनला रेल्वे १८८० मध्ये आली, म्हणजे वादळाच्या अवघ्या वर्षभर आधी. गलबतांवर उभ्या राहिलेल्या धंद्याच्या दारातच स्पर्धेची वाट येऊन थांबली होती. अशा वेळी बुडालेल्या खाणीत नवे भांडवल ओतण्याचा हिशेब कोणाला जमला नाही, यात नवल नाही. हीच कड पन्नास वर्षे आधी फुटली असती तर कदाचित ती बांधली गेली असती, असे मला वाटते. वादळाने खाण बुडवली, हे खरे. ती बुडालेलीच ठेवली ती मात्र पाटीच्या भावाने.

नंतर

ईस्डेलवर काम पुढेही काही काळ रेटले गेले, पण १९११ च्या सुमारास तिथला व्यापारी धंदा थांबला, आणि शेवटची पाटी १९५० च्या दशकात निघाली. बेल्नाहुआची माणसे पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला बेट सोडून गेली आणि परतली नाहीत. तिथे आज छपरे नसलेल्या भिंती आणि पाण्याने भरलेली खाण उरली आहे. लुइंगवर कलिपूलची खाण १९६५ पर्यंत टिकली. ईस्डेलची लोकसंख्या १९६० च्या दशकात चारवर आली होती. २०११ च्या जनगणनेत ती ५९ होती.

या ५९ च्या मागे एक साधी गोष्ट आहे: घरे टिकली. खाणकामगारांसाठी बांधलेली, दोन-तीन खोल्यांची, जाड भिंतींची बैठी घरे नंतर आलेल्यांनी दुरुस्त केली. ईस्डेलवर मोटारगाड्या नाहीत. एलेनाबीचच्या धक्क्यावरून छोटी होडी काही मिनिटांत पलीकडे नेते, आणि उतरल्याबरोबर समोर हातगाड्यांची रांग दिसते. बाजारहाट, गॅसची टाकी, सामानाच्या पिशव्या ज्याने त्याने आपल्या हातगाडीतून घरी ढकलत न्यायच्या. एलेनाबीचमध्ये खाणकामगाराच्या एका जुन्या घरात या बेटांच्या इतिहासाचे केंद्र चालते, आणि ईस्डेलवर एक छोटे संग्रहालय आहे.

ईस्डेलच्या एका बुडालेल्या खाणीत दर वर्षी पाण्यावर भाकरी मारण्याची, म्हणजे चपटा दगड पाण्यावर टप्पे घेत फेकण्याची, जागतिक स्पर्धा भरते. ती १९८३ मध्ये सुरू झाली, मध्यंतरी बंद पडली आणि १९९७ पासून पुन्हा होऊ लागली. दगड बेटावरच्याच पाटीचा, तीन इंचांहून रुंद नसलेला आणि निसर्गाने घडवलेला हवा. खाणीची पलीकडची भिंत सुमारे ६३ मीटरवर आहे. तिला दगड लागला की फेक पूर्ण. २०२५ मध्ये काही स्पर्धकांचे दगड संशय यावा इतके गोल निघाले, ते घासून आणल्याचे उघड झाले आणि त्यांना बाद करण्यात आले. पाटी घडवण्याच्या कौशल्यावर जगलेल्या बेटावर दगड घडवणे हा गुन्हा ठरला, याची गंमत तिथल्या लोकांच्या नजरेतून सुटली नसणार.

स्कॉटलंडमध्ये आज छपराच्या पाटीची एकही व्यापारी खाण चालू नाही. जुन्या इमारतींवर मात्र या बेटांच्या पाट्या अजून आहेत, आणि एखादी फुटली तर कारागिराला तशीच जाड, खरबरीत, चकाकत्या ठिपक्यांची पाटी शोधावी लागते. ती पाडलेल्या घराच्या छपरावरून उतरवलेली मिळते. उतरवलेल्या पाट्या तो हातोडीने टकटकवून पाहतो. खणखणीत वाजली ती ठेवायची, बद्द वाजली ती टाकायची. मग कड पुन्हा छाटायची, जुने भोक निकामी झाले असेल तर शेजारी नवे पाडायचे, आणि एकाच खिळ्यावर ती पुन्हा वर चढवायची.